शुद्ध रक्ताची दंतकथा आणि बिल्बाओचे सिंह (दीर्घ धागा)

बिल्बाओच्या ‘अ‍ॅथलेटिक क्लब’ची एक कथा समाजमाध्यमांवर अधूनमधून नव्याने फिरू लागते. स्पेनच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या या शहरातला फुटबॉल क्लब स्थापनेपासून केवळ ‘शुद्ध बास्क रक्ताचे’ खेळाडू मैदानात उतरवतो, परक्याला उंबरठा ओलांडू देत नाही, आणि तरीही रेआल माद्रिद व बार्सिलोना यांच्याप्रमाणेच स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली घसरलेला नाही. सोबत लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या सदऱ्यांचे छायाचित्र असते. शेवटी तात्पर्य येते: भूमिपुत्रांवर विश्वास ठेवला की असे घडते!

श्रेणीचे विधान खरे आहे. १९२९ मध्ये स्पॅनिश लीग सुरू झाल्यापासून या तीन क्लबांखेरीज कोणालाही हा मान टिकवता आलेला नाही. बाकीच्या कथेत मात्र ‘ध’चा ‘मा’ झालेला आहे. जिथे ‘भूमी’ लिहायची तिथे ‘वंश’ लिहिला गेला, आणि जिथे ‘१९११’ हा आकडा हवा तिथे ‘अनादिकाळ’ बसवला गेला.

यावर कोणी म्हणेल, फुटबॉलच्या एका क्लबाविषयी इतका कीस कशाला पाडायचा? त्याचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे. लहानपणापासून बिल्बाओत वाढलेल्या, त्याच शहराच्या मैदानांवर खेळ शिकलेल्या एका तरुणाला १९५० च्या दशकात याच गोंधळामुळे क्लबाचे दार बंद झाले. त्याची हकिकत पुढे येईलच. आधी शहर पाहू.

बिल्बाओ प्राचीन नाही. १५ जून १३०० रोजी बिस्कायाचा सरदार दिएगो लोपेस दे आरो याने सनद देऊन नेर्वियोन नदीकाठी हे नगर वसवले. म्हणजे देवगिरीवर रामदेवराय यादव राज्य करत होता तेव्हा बिल्बाओचा पहिला कागद लिहिला गेला. नगर वसवण्याचा हेतूही रोखठोक होता: व्यापार. कास्तीलची लोकर इथून जहाजांत चढायची आणि उत्तर युरोपात जायची. १५११ मध्ये शहराच्या व्यापाऱ्यांना स्वतःचे व्यापारी न्यायमंडळ मिळाले. बंदर म्हटले की परकी माणसे, परकी चलने, परक्या भाषा आल्याच. ‘परक्याला उंबरठा ओलांडू न देणारे बिल्बाओ’ इतिहासात शोधू गेल्यास पहिल्या पानापासूनच सापडत नाही.

खरी उलथापालथ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. हेन्री बेसेमरने १८५६ मध्ये पोलाद बनवण्याची नवी पद्धत आणली. तिला स्फुरद अत्यल्प असलेले लोहखनिज लागायचे. युरोपात असे खनिज मुबलक आणि समुद्राला लागून कुठे होते? बिल्बाओच्या पश्चिमेच्या डोंगरांत. ब्रिटिश कंपन्या धावत आल्या. १८७३ मध्ये ओर्कोनेरा कंपनी स्थापन झाली, डोंगरापासून धक्क्यापर्यंत रेल्वे आली. जहाजे खनिज घेऊन ब्रिटनला जायची आणि परतताना कोळसा आणायची. त्या कोळशावर नदीकाठच्या भट्ट्या पेटल्या. १८७७ मध्ये सुमारे ३३ हजार वस्तीचे शहर १९०० पर्यंत ८३ हजारांवर गेले. (शेजारची आबान्दोसारखी गावे गिळंकृत केल्याचाही त्यात वाटा होता, तो मुद्दा लक्षात ठेवावा.)

ही माणसे कुठून आली? बास्क खेड्यांतून आली, तशीच कास्तील, लेओन, गालिसिया, रिओखा या प्रांतांतूनही आली. खाणीजवळच्या लाकडी बराकींत कोंबून त्यांना ठेवले जाई, आणि किराणा कंत्राटदाराशी संबंधित दुकानातूनच घेण्याची सक्ती असे. १८९० च्या मे महिन्यात या मजुरांनी जो संप केला, तो स्पेनच्या कामगार चळवळीतला मोठा टप्पा ठरला. नदीचा डावा काठ कामगारांचा, उजवा काठ धनिकांचा, ही बिल्बाओची विभागणी तेव्हाची आहे. १८९३ मध्ये नदीच्या मुखाशी दोन्ही काठ जोडणारा लोखंडी झुलता वाहक पूल उभा राहिला आणि आजही तो माणसे व वाहने पलीकडे नेतो. माणसांमधली दरी मात्र त्याने भरून काढली नाही.

याच काळात ‘बास्क म्हणजे कोण?’ हा प्रश्न पेटला. १८७६ मध्ये कार्लिस्ट युद्ध संपताच माद्रिदच्या सरकारने बास्क प्रांतांचे पारंपरिक अधिकार, म्हणजे ‘फुएरोस’, रद्द केले. स्वायत्तता गेली, त्याच वेळी खाणी भरभराटीला आल्या आणि बाहेरचे मजूर आले. अशा संधिकाळात साबिनो आरानाची विचारसरणी जन्मली. आराना १८६५ मध्ये आबान्दो इथे जन्मला, आणि त्याचे हे गाव १८९० मध्ये बिल्बाओने पोटात घेतले. १८९४ मध्ये बास्क ध्वज, १८९५ मध्ये बास्क राष्ट्रवादी पक्ष, पुढे ‘एउस्कादी’ हे देशनाम: एवढे सारे या एका माणसाच्या नावावर आहे. १९०३ मध्ये अवघ्या ३८ व्या वर्षी तो मरण पावला.

आरानाचा राष्ट्रवाद सुरुवातीला उघडउघड वांशिक होता. बाहेरून आलेल्या मजुरांना तो ‘माकेतो’ या तुच्छतादर्शक शब्दाने संबोधी. त्याच्या आरंभीच्या संघटनेत पूर्ण सभासदत्वासाठी आजी-आजोबांची आडनावे बास्क असल्याचा पुरावा लागे. आडनावांची ही वंशावळ-तपासणी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ओळखीची वाटेल. जगात जिथे जिथे शहरे वेगाने वाढली, तिथे तिथे कोणीतरी आडनावे मोजायला बसलेच. गमतीचा भाग असा की स्वतः आराना बास्क भाषा मोठेपणी शिकला. १८८८ मध्ये बिल्बाओच्या विद्यालयात बास्क भाषेच्या अध्यापकाची जागा निघाली, तेव्हा अर्जदारांत आराना होता आणि बिल्बाओच्याच जुन्या गल्लीत १८६४ मध्ये जन्मलेला मिगेल दे उनामुनोही होता. जागा तिसऱ्यालाच, रेसुर्रेक्सियोन मारिया दे आस्कुए या धर्मगुरूला, मिळाली. पुढे उनामुनोने १९०१ मध्ये बिल्बाओच्याच व्यासपीठावरून बास्क भाषा आधुनिक जीवनाला अपुरी असून तिला सन्मानाने निरोप द्यावा, असे सांगून सभागृहात गदारोळ उडवून दिला. एकाच शहराचे दोन पुत्र, वयात वर्षाचेही अंतर नाही. एकाने रक्ताची भिंत बांधली, दुसऱ्याने भाषेचे श्राद्ध मांडले. बिल्बाओने दोघांचेही पूर्णपणे ऐकले नाही, हे त्या शहराचे शहाणपण म्हणावे लागेल.

आता फुटबॉल.

‘शुद्धता’ हेच ध्येय असते, तर बिल्बाओला खेळ उसना आणण्याची गरज नव्हती. बास्क प्रदेशाकडे स्वतःचे खेळ होते आणि आहेत: भिंतीवर चेंडू मारण्याचा पेलोटा, दगड उचलण्याच्या आणि ओंडके तोडण्याच्या शर्यती, समुद्रातल्या होड्यांच्या स्पर्धा. गावोगावी पेलोटाचे चौक होते. तरीही या शहराच्या तरुणांनी निवडला तो साहेबाचा नवा खेळ. तो खनिजाच्या जहाजांबरोबर आला. ब्रिटिश खलाशी आणि तंत्रज्ञ नदीकाठच्या मोकळ्या जागेत खेळत. ३ मे १८९४ रोजी लामियाकोच्या मैदानावर स्थानिक तरुणांनी त्यांच्याशी सामना घेतला आणि सपाटून मार खाल्ला. दुसरीकडे इंग्लंडला शिकायला गेलेली उजव्या काठाची श्रीमंत मुले तिकडून चेंडू घेऊन परतली. या दोन प्रवाहांतून १८९८ ते १९०३ या काळात अ‍ॅथलेटिक क्लब आकाराला आला. नावच पाहा! बास्क नाही, स्पॅनिशही नाही, सरळ इंग्रजी. आरंभीच्या संघांत इंग्रज खेळाडू होते. पहिले प्रशिक्षकही इंग्रजच.

आणि तो लाल-पांढरा सदरा, ज्याचे छायाचित्र ‘रक्ताच्या’ कथेसोबत हमखास डकवले जाते? क्लबाच्या परंपरेत जपलेली हकिकत अशी: सुरुवातीचा पोशाख निळा-पांढरा, अर्धा-अर्धा होता. १९०९ च्या अखेरीस हुआन एलोर्दुई नावाचा सभासद इंग्लंडला गेला असता त्याच्यावर नवे सदरे आणण्याचे काम सोपवले होते. हवे ते सदरे मिळाले नाहीत. परतीच्या जहाजाची वेळ झाली, तेव्हा त्याने साउदॅम्प्टन बंदरात त्या गावच्या क्लबाचे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे खरेदी केले आणि पेटी घेऊन घरी आला. त्यातलेच काही माद्रिदच्या शाखेला गेले. बास्क विद्यार्थ्यांनी १९०३ मध्ये तिथे काढलेली ती शाखा म्हणजे आजचा अतलेतिको माद्रिद. एका कुळाचे चिन्ह म्हणून मिरवला जाणारा पोशाख हा असा बंदरातल्या घाईच्या खरेदीतून आला.

क्लबाच्या खेळाडूंना ‘सिंह’ म्हणतात. तेही बास्क डोंगरातले नव्हेत. १९१३ मध्ये मैदान उभारले ते सान मामेस या संताच्या नावाच्या जागेजवळ. संत मामेस हा आजच्या तुर्कस्तानातल्या काएसारियाचा ख्रिस्ती हुतात्मा. त्याला सिंहांपुढे टाकले असता सिंहांनी त्याला स्पर्श केला नाही, अशी आख्यायिका आहे. त्या मैदानावरचा पहिला गोल २१ ऑगस्ट १९१३ रोजी राफाएल मोरेनो ऊर्फ ‘पिचिची’ याने केला. तो उनामुनोचा नातलग होता. २९ व्या वर्षी तो आजारपणात गेला. पहिल्यांदाच सान मामेसला येणारा पाहुणा संघ आजही त्याच्या अर्धपुतळ्यापाशी फुले ठेवतो. आणि स्पेनमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारा पुरस्कार त्याच्याच नावाने ओळखला जातो.

मग ‘फक्त बास्क’ हा दंडक आला कुठून? १९११ च्या स्पर्धेत अ‍ॅथलेटिकने इंग्रज खेळाडू उतरवले, प्रतिस्पर्ध्यांनी आक्षेप घेतला, वाद पेटला, सान सेबास्तियानच्या संघाने माघार घेतली. चषक अ‍ॅथलेटिकनेच जिंकला, पण गढूळ झालेल्या वातावरणात. पुढे स्पर्धेच्या नियमांतच परकीय खेळाडूंवर बंधने आली आणि त्यानंतर अ‍ॅथलेटिकने परकीय खेळाडू घेतले नाहीत. म्हणजे ‘पवित्र परंपरे’चा उगम एका प्रशासकीय तंट्यात आहे. त्यामागे कुळाचार नव्हता. क्लबाच्या घटनेत आजतागायत या दंडकाचे कलम नाही. तो संकेत आहे, आणि संकेतांचा अर्थ पिढीगणिक बदलतो. आधी घरचे म्हणजे प्रामुख्याने बिस्काया प्रांताचे, मग इतर बास्क प्रांतांचे, मग नवाराचे, मग फ्रान्समधल्या बास्क प्रदेशाचेही. गोव्यातल्या बॉम जेझुस बॅसिलिकेत ज्यांचे अवशेष आहेत, ते संत फ्रान्सिस झेवियर नवारातले. आजच्या निकषाने तेही पात्र ठरले असते. शंभर वर्षांपूर्वी कदाचित नाही!

प्रशिक्षकांना तर हा दंडक कधीच लागू नव्हता. फ्रेड पेंटलंड हा इंग्लंडचा माजी खेळाडू. पहिल्या महायुद्धात जर्मनीत प्रशिक्षणासाठी गेलेला आणि रूलेबेनच्या छावणीत अडकून पडलेला. त्याने लांब लाथा मारण्याऐवजी छोट्या पासांचा खेळ शिकवला. विजयानंतर खेळाडू त्याची गोल टोपी पायांखाली तुडवत, हा तिथला विधीच झाला होता. त्याच्या हाताखाली क्लबाने १९३० आणि १९३१ ची लीग जिंकली. फेब्रुवारी १९३१ मध्ये बार्सिलोनाला १२–१ असे हरवले. ‘स्वकीयांच्या’ सुवर्णयुगाचा शिल्पकार टोपीवाला इंग्रज होता, हे कथेत सोयीस्करपणे गाळले जाते.

युद्धाच्या काळाविषयी मात्र कथाकार लिहितच नाहीत, आणि तिथेच सर्वांत मोलाची सामग्री आहे. ऑक्टोबर १९३६ मध्ये गेर्निकाच्या ओकवृक्षाखाली बास्क सरकारचा पहिला अध्यक्ष म्हणून शपथ घेणारा होसे आंतोनियो आगिर्रे हा तरुणपणी अ‍ॅथलेटिककडून खेळलेला होता. सरकारने बास्क खेळाडूंचा एक संघ निधी आणि सहानुभूती मिळवण्यासाठी युरोपच्या दौऱ्यावर पाठवला. त्याचा पहिला सामना पॅरिसमध्ये २६ एप्रिल १९३७ रोजी झाला. त्याच दिवशी जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका भाजून काढले. १९ जून १९३७ रोजी बिल्बाओ पडले. संघ परतलाच नाही. सोव्हिएत संघ, स्कँडिनेव्हिया, पुढे मेक्सिको असा फिरत राहिला आणि १९३८–३९ च्या मोसमात ‘एउस्कादी’ या नावाने मेक्सिकोच्या लीगमध्ये दुसरा आला. त्यातल्या अनेकांना मायदेशी पुन्हा खेळणे नशिबी आले नाही.

बिल्बाओ पडण्याच्या महिनाभर आधी ‘हबाना’ हे जहाज सुमारे ४ हजार मुलांना घेऊन सान्तुर्त्सीच्या धक्क्यावरून निघाले आणि साउदॅम्प्टनला लागले. ज्या बंदरातून सदरे आले होते, तिथेच मुले आश्रयाला गेली. त्यांतला एक बाराकाल्दोचा रायमुंदो लेसामा. तो तिथे साउदॅम्प्टनच्या संघातर्फे गोलरक्षण शिकला, परतला, आणि १९४३ मध्ये अ‍ॅथलेटिकने लीग जिंकली तेव्हा त्याच सदऱ्याच्या संघाचा गोलरक्षक होता. त्याला कोणत्या मातीचा म्हणायचे? निर्वासित म्हणून परदेशात घडलेला हा खेळाडू बिल्बाओने आपलाच मानला, आणि ते योग्यच होते.

फ्रँकोच्या राजवटीने १९४१ मध्ये परकी नावांवर बंदी घातली आणि ‘अ‍ॅथलेटिक’चे ‘अतलेतिको बिल्बाओ’ केले. मूळ नाव १९७२ मध्ये परत मिळाले. आता पूर्वपक्षाच्या मुळावरच येणारा मुद्दा. बास्क भाषेची गळचेपी करणाऱ्या याच राजवटीच्या वृत्तपत्रांना हा क्लब फार प्रिय होता! का? कारण त्यात एकही परदेशी नाही, म्हणून तो ‘अस्सल स्पॅनिश’. जून १९५८ मध्ये क्लबाने परदेशी तारे असलेल्या रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर चषकाच्या अंतिम सामन्यात २–० असे हरवले, तेव्हा ‘अकरा खेडूत’ ही बिरुदावली सर्वतोमुखी झाली. एकच संघ, एकच पद्धत. बास्क राष्ट्रवाद्याला तीत बास्क राष्ट्र दिसते, हुकूमशहाच्या भाटाला स्पॅनिश राष्ट्र. ज्या वस्तूवर दोन परस्परविरोधी ‘शुद्धता’ इतक्या सहज आरोपित करता येतात, त्या वस्तूत मुळात शुद्धता नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

त्याच वर्षांतली ती दुसरी हकिकत. मिगेल जोन्स १९३८ मध्ये तेव्हाच्या स्पॅनिश गिनीमधल्या फर्नांदो पो बेटावर जन्मला. लहानपणीच कुटुंबासह बिल्बाओला आला. इथेच शिकला, इथेच इंदाउचू संघातून नावारूपाला आला. अ‍ॅथलेटिकने त्याला आजमावले. खेळ उत्तम होता. पण त्याला घेतले गेले नाही. कारण जन्मस्थानाचे दिले गेले. जोन्स १९५९ मध्ये अतलेतिको माद्रिदला गेला, म्हणजे त्याच क्लबाच्या जुन्या शाखेला, आणि लाल-पांढरे पट्टे अंगावर घालूनच १९६२ च्या युरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात फिओरेंतिनाविरुद्ध त्याने गोल केला. लेसामा इंग्लंडमध्ये घडूनही आपला. जोन्स बिल्बाओत घडूनही परका. ‘भूमी’ची कसोटी प्रामाणिकपणे लावली असती, तर दोघेही आपलेच ठरले असते. इथे कसोटी बदलली गेली. ‘शुद्ध रक्त’ वगैरे शब्द कौतुकाने वापरणाऱ्यांनी हे नीट वाचावे: त्या शब्दांची किंमत कोणीतरी मोजली आहे, आणि ती मोजणारा बाहेरचा नव्हता.

इथे दुसरा पूर्वपक्ष उभा राहतो. तो म्हणतो, मग हा क्लब सरळसरळ वर्णद्वेषी आहे, आणि बाकी सारी मखलाशी आहे. हा पक्षही आळशीच आहे, फक्त उलट्या दिशेने. त्याला १९५९ दिसते, त्यानंतरचा काळ दिसत नाही. नवा निकष असा: जो बास्क प्रदेशाच्या सात प्रांतांत जन्मला, किंवा जो या प्रदेशातल्या क्लबांत खेळ शिकला, तो पात्र. रक्ताचा उल्लेख नाही, आडनावाचा नाही. एर्नेस्तो वाल्वेर्देचा जन्म एक्स्त्रेमादुरा प्रांतातला. लहानपणी कुटुंबाबरोबर वितोरियाला आला. आरानाच्या मोजपट्टीने तो निखळ ‘माकेतो’. तो १९९० पासून सहा वर्षे अ‍ॅथलेटिककडून खेळला आणि पुढे प्रशिक्षक झाला. एमरिक लापोर्त फ्रान्समधल्या आजां गावचा, सातही प्रांतांच्या बाहेरचा. पण किशोरवयात बास्क प्रदेशात घडला, म्हणून पात्र.

२०११ मध्ये जोनास रामाल्यो हा अंगोलन पित्याचा आणि बास्क मातेचा तरुण क्लबाच्या पहिल्या संघाकडून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. मग आला इन्याकी विल्यम्स. त्याचे आईवडील घानाचे. सहाराचा काही भाग त्यांनी पायी तुडवला, मेलियाचे कुंपण ओलांडले, आणि आश्रय मिळण्यासाठी युद्धग्रस्त लायबेरियाचे असल्याचे सांगितले. इन्याकीचा जन्म बिल्बाओत १५ जून १९९४ रोजी झाला. तारीख तीच, जिला शहराची सनद लिहिली गेली होती. (योगायोगातून इतिहास सिद्ध होत नाही, पण योगायोग गोड आहे.) धाकटा भाऊ निको पाम्प्लोनात जन्मला. ६ एप्रिल २०२४ रोजी सेव्हियात मायोर्काला पेनल्टींवर हरवून क्लबाने ४० वर्षांनंतर राजाचा चषक जिंकला. त्या संघात हे दोघे भाऊ होते आणि प्रशिक्षक होता एक्स्त्रेमादुरात जन्मलेला वाल्वेर्दे. ११ एप्रिलला विजेते ‘गाबार्रा’ या जुन्या मालवाहू तराफ्यावरून नदीतून आले. अशी मिरवणूक याआधी १९८३ आणि १९८४ मध्ये निघाली होती. ज्या नदीतून कधी खनिज वाहून नेले जाई, तिच्या दोन्ही काठांवर, डाव्या आणि उजव्या, अफाट गर्दी लोटली होती. तीन महिन्यांनी निकोने युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडविरुद्ध स्पेनचा पहिला गोल केला. इन्याकी घानाकडून खेळतो. २०२५ मध्ये ऑस्कर दे मार्कोस निवृत्त झाल्यावर अ‍ॅथलेटिकचे कर्णधारपद इन्याकीकडे आले.

‘भूमिपुत्र’ या शब्दाला बिल्बाओचा आधार घेणाऱ्यांनी हा दाखला जरूर घ्यावा, पण पुरता घ्यावा. कंत्राटी मजुरांच्या बराकीत जन्मलेला, वाळवंट तुडवून आलेल्यांच्या पोटी जन्मलेला, निर्वासित होऊन परतलेला, हे सारे त्या शब्दात बसत असतील, तर दाखला लागू पडतो. बसत नसतील, तर बिल्बाओला त्यात ओढू नये.

बिल्बाओच्या नावावर आणखी एक चमत्कारकथा फिरते: मरणपंथाला लागलेले शहर १९९७ मध्ये गुगेनहाइम संग्रहालय येताच जिवंत झाले. तिचे खंडन स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. इथे एवढेच की मेट्रो १९९५ मध्येच आली होती, नदीच्या सफाईचे काम त्याआधीपासून चालू होते, आणि ज्या जागी आज पर्यटक छायाचित्रे काढतात त्याच काठावर १९८४ मध्ये एउस्काल्दुना गोदीचे कामगार आपल्या नोकऱ्यांसाठी पोलिसांशी झुंजत होते. चमत्कारकथांत कामगार नेहमीच गायब असतात.

क्लबाची तरफदारी करतानाही डोळे उघडे ठेवावेत. ‘गावची पोरे’ हे चित्र भाबडे आहे. आपल्या छोट्या पाणवठ्यात अ‍ॅथलेटिक हाच मोठा मासा आहे. शेजारच्या पाम्प्लोनाचा ओसासुना आणि सान सेबास्तियानचा रेआल सोसिएदाद यांची घडवलेली मुले तो पैशाच्या बळावर नेतो, ही जुनी तक्रार आहे. जानेवारी २०१८ मध्ये लापोर्तला मँचेस्टर सिटीने सुमारे ६.५ कोटी युरो देऊन नेले, आणि अ‍ॅथलेटिकने त्याच महिन्यात इनिगो मार्तिनेससाठी रेआल सोसिएदादला ३.२ कोटी मोजले. रेआल सोसिएदादही आधी केवळ बास्क खेळाडूच घेई; १९८९ मध्ये त्याने लिव्हरपूलचा जॉन ऑल्ड्रिज आणला आणि तो दंडक सोडला. म्हणून त्याचे बास्कपण उणावले काय? ५ डिसेंबर १९७६ रोजी, बास्क ध्वज अजून बेकायदा असताना, तो हातात धरून मैदानात उतरणाऱ्या दोन कर्णधारांपैकी एक अ‍ॅथलेटिकचा इरिबार होता, तर दुसरा रेआल सोसिएदादचा कोर्ताबार्रिया. आणि ध्वज आणला होता तो रेआल सोसिएदादच्याच गोटातून.

महिलांच्या संघाचा उल्लेख तर या साऱ्या गौरवकथांत औषधालाही नसतो. २००२ मध्ये सुरू झालेल्या त्या संघाने पाच लीग जिंकल्या. जानेवारी २०१९ मध्ये अतलेतिको माद्रिदविरुद्ध त्यांचा चषकाचा सामना पाहायला सान मामेसमध्ये ४८,१२१ प्रेक्षक आले.

आणि निकषाची कडा अजूनही धूसरच आहे. ‘इथे खेळ शिकला’ म्हणजे कोणत्या वयापासून? दहाव्या वर्षी आलेला चालतो. सतराव्या वर्षी आई-वडिलांबरोबर बाराकाल्दोला आलेला मोरोक्कन किंवा कोलंबियन मुलगा चालेल का? संकेत लिखित नाही, त्यामुळे उत्तर दरवेळी संचालक मंडळाच्या मर्जीवर राहते. जोन्सच्या वेळीही ते तिथेच होते.